चांदाच्या गावाला वारा नाही

गिरणीचं इंजिन सुरू करताना रंभाजी हँडल मारायचा आणि त्याची बायको मुक्ताबाई पिठाच्या डब्यावर बसून उलटे आकडे म्हणायची. "धा, नऊ, आठ, सात…" इंजिन कधी चारवर पकडायचं, कधी दोनवर. थंडीच्या दिवसांत शून्य होऊन गेलं तरी ढिम्म. मग दळण घेऊन आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"मुक्ते, आज तुझं इमान काय उडत न्हाई गं!"

"इमान न्हवं, रॉकेट," मुक्ता म्हणायची. "इमानाला हवा लागती. रॉकेटला न्हाई लागत."

"आन् दळणाला काय लागतं?"

"दळणाला नंबर लागतो. बसा."

कोल्हारच्या त्या गिरणीत मुक्ता नांदायला आली तेव्हापासून तिथं जमिनीवरच्या गोष्टी कमी आणि आभाळातल्या जास्त व्हायच्या. गावच्या वाचनालयातून रंभाजी तिला मासिकं आणून द्यायचा. तो स्वतः वाचायचा नाही. पण मंगळावरच्या माणसांचं पुढं काय झालं, हे जेवताना विचारायचा. ती माणसं हिरवी होती, त्यांना बायकापोरं नव्हती, आणि त्यांच्याकडे आपोआप भाकरी थापणारं यंत्र होतं. आक्काबाईला, म्हणजे मुक्ताच्या सासूला, यातलं फक्त यंत्र पटायचं.

माणूस चंद्रावर उतरला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या सालच्या श्रावणात तर तिथं त्यांनी गाडी फिरवली. मुक्तानं ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि धावत येऊन सांगितलं.

"चाकाची गाडी?" आक्काबाईनं विचारलं.

"व्हय आत्याबाई, चार चाकांची."

"बरं झालं. चांदावर रस्ता झाला. आपल्या मळ्याकडं पावसात बैलगाडी जाईना आजून."

मुक्ता हसली. पण दुपारी गिऱ्हाईक सरल्यावर ती गिरणीच्या जमिनीकडे बघत बसली. कोपऱ्यात पिठाचा बारीक, मऊ थर साचला होता, त्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा होता, नक्षीसकट. चंद्रावरची धूळ अशीच असते म्हणे. तिथं उठलेलं पाऊल उठलेलंच राहतं, कारण पुसायला वारा नाही, पाऊस नाही, सकाळी केरसुणी घेऊन येणारी सून नाही. काय गाव असेल ते, तिला वाटलं. जिथून माणूस निघून गेला तरी त्याचं पाऊल निघून जात नाही.

आणि मग तिला गोरखची आठवण यायची. सगळ्या वाटा शेवटी तिथंच जायच्या.

गोरक्षनाथ तिचा थोरला भाऊ, एकुलता एक. दोघं पुणतांब्याची. गोदावरीच्या वाळूत उताणं पडून त्यानंच तिला आभाळ शिकवलं होतं. "ती चांदणी बघ. तिचा उजेड निघाला तवा आपला आजा बी जन्मला न्हवता," तो सांगायचा. "म्हंजी तू बघतीस ती आत्ताची चांदणी न्हवंच. लई जुनी खबर हाय ती. चांदणी आता असंल, नसंल." मुक्ताला ते ऐकून रडू यायचं आणि तो तिच्या डोक्यावर वाळू ओतायचा. कुणी चित्रात चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढली की तो चिडायचा. "आरं, कोरीच्या मधी रिकामं नसतं! तिथं चांदाचं काळं अंग असतं. त्याच्यातनं चांदणी दिसंलच कशी?" शाळेच्या भिंतीवरची तसली चांदणी त्यानं कोळशानं खोडली आणि हातावर छड्या खाल्ल्या.

तो मोठा झाला आणि एक दिवस तंबूच्या सिनेमाबरोबर निघून गेला. मशीन चालवायला शिकणार म्हणाला. मुक्ताच्या लग्नाची तारीख ठरलेली होती, तरी गेला, आणि लग्नाला आला नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. त्या दिवशी कान पिळायला चुलतभाऊ पुढं झाला, तर वडलांनी त्याचा हात धरला. "ज्याचा मान त्याचा. त्यो न्हाई तर कान बी न्हाई," असं म्हणून ते मांडवातून उठून गेले. पुढं ते वारले. रंभाजीचा कान तसाच राहिला. कधी मुक्ता गप्प बसली की तो कान पुढं करून म्हणायचा, "बघ, आजून कोरा हाय. कुनाची उधारी हाय ही?"

गोरखच्या खबरा यायच्या. तो श्रीगोंद्याच्या जत्रेत दिसला होता, पण ते गेल्या साली. कुणी त्याला येवल्यात पाहिलं होतं, पण ते त्याच्याही आधी. मुक्ता म्हणायची, चांदणीच झाली माझ्या भावाची. दिसतो, पण आत्ताचा नाही.

ज्या बाईला भाऊ नाही, किंवा असून नाही, तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, हा रिवाज. पोरं त्याला चांदोमामा म्हणतात ती काय उगाच नाही. दिवस मावळताना बीजेची कोर पश्चिमेला टेकते, थोडा वेळच असते. तेवढ्यात मुक्ता अंगणात येऊन ताट ओवाळायची आणि सासूकडून शिकलेल्या चालीवर आपलीच ओवी म्हणायची:

बीजेच्या रे चांदा, लांब तुझं गाव,
ओवाळिते तुला, घेते गोरखाचं नाव.

माणसं चंद्रावर जाऊन आली त्या साली ओवाळताना तिचा हात जरा अडखळला. आक्काबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"का गं? आता तुझ्या भावाच्या अंगावर बुटं घालून नाचून आले ते गोरे, म्हून लाजतीस?"

"तसं न्हाई आत्याबाई. तिथं हवाच न्हाई. माझा दिवा तिथं तेवायचाच न्हाई, आसं मनात आलं."

"मग तसं सांग की त्याला," म्हातारी म्हणाली. तिनं जात्यावर सगळं आयुष्य सांगितलं होतं, त्यामुळे तिला यात अवघड काही दिसलं नाही. मुक्तानं तसं सांगितलं:

चांदाच्या गावाला, न्हाई वारा न्हाई पानी,
कशी तेवंल तिथं, माझ्या दिव्याची निशानी.

एकाहत्तर सालच्या दिवाळीत प्रवरेच्या काठच्या मोकळ्या रानात तंबू पडला. ताशा वाजवत गाडी गावातून फिरली. चंद्रावरच्या स्वारीचा हिंदी सिनेमा, त्यात पैलवान, त्यात राक्षस, त्यात नाच. मुक्ताचे कान टवकारले. चंद्रावरचा सिनेमा! तिनं आजवर चंद्र वाचला होता, ऐकला होता, पाहिला तो एवढासा. आता तो तंबूएवढा दिसणार होता.

दुसऱ्या दिवशी तंबूचा गेटवाला, कारभारी नाव त्याचं, कंपनीची बाजरी दळायला गिरणीत आला. बोलका माणूस. मुक्तानं त्याला हजार प्रश्न विचारले. रॉकेट कशाचं केलंय? पत्र्याचं. तुमच्या ह्या दाणे वतायच्या नरसाळ्यासारखंच, उलटं धरलेलं. चंद्रावरची माणसं कशी? मिशावाली.

"तुमाला लई नाद दिसतोय बाई," कारभारी म्हणाला. "आमचा ऑपरेटर बी तसलाच. मशीनमागं एकलाच बडबडतो, ह्ये चूक, त्ये चूक. पुनतांब्याचा गोरख."

जातं असो की गिरणी, दाणा अडकला की आवाज बदलतो. रंभाजीनं आवाज ऐकला नाही, मुक्ताचं तोंड बघितलं, आणि इंजिन बंद केलं.

"गोरक्षनाथ?" मुक्तानं विचारलं. "उजव्या भुवईत व्रण?"

"तोच की. वळखता?"

मुक्ता आधीच उठली होती. घरात जाऊन तिनं डबा भरून करंज्या आणल्या आणि कारभाऱ्याच्या हातात दिल्या. "त्याला म्हनावं, मुक्ता हितंच हाय. भाऊबीजेला जेवायला ये म्हनावं."

दोन दिवस ती रस्त्याकडे बघत होती. रस्त्यानं एस.टी. गेल्या, उसाच्या गाड्या गेल्या. गोरख आला नाही. आला तो कारभारी, घासलेला डबा घेऊन.

"तो म्हनला, बीजेला दोन खेळ हायेत, मशीन सोडता येत न्हाई. दिवस मावळला की पयला खेळ."

"दिसाउजेडी यावं की. पाच मिनिटांची वाट."

कारभारी जरा खाली बघून म्हणाला, "बाई, मी बी तेच बोललो. तर म्हनतो, तिच्या लग्नाला न्हवतो, बाप गेला तवा न्हवतो, आता करंज्या खायाला तोंड कुठलं न्यू?"

तो गेल्यावर मुक्तानं डबा फडताळात टाकला. आत काहीतरी सळसळलं. परत करायचा डबा रिकामा द्यायचा नसतो, एवढं गोरख विसरला नव्हता. त्यात त्यानं सिनेमाच्या जाहिरातीचा गुलाबी कागद घातला होता. कागदावर पत्र्याचं रॉकेट, मिशावाला राजा, आणि वर भलीमोठी चंद्रकोर. कोरीच्या दोन टोकांमध्ये छापलेली चांदणी कुणीतरी काळ्या बोटानं घासघासून पुसून टाकली होती.

मुक्ता हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्काबाईला कळेना. "काय लिवलंय त्यात?"

"काईच न्हाई लिवलं आत्याबाई. एक चूक खोडलीय."

भाऊबीजेच्या दिवशी ऊन उतरलं तशी मुक्तानं नेहमीसारखी ताटाची तयारी केली. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. उसाच्या वर बीजेची कोर आली, नखाएवढी, आणि तिच्या पोटातलं काळं अंग त्या दिवशी चांगलं ओळखू येत होतं. मुक्ता अंगणात उभी राहिली. ताट उचललं, पण ओवी येईना.

मागून आक्काबाई बोलली. "भाऊ गावात, आन् तू कुनाला ओवाळतीस गं? त्या बुटं खाल्लेल्याला?"

"त्यो येत न्हाई आत्याबाई. त्याला मशीन सोडता येत न्हाई."

"मग तू बी मशीन हायेस का? तुला पाय हायेत न्हवं?" म्हातारीनं चपला घातल्या. "रंभा, गिरणी बंद कर. चल. तुझा कान घेऊन चल."

नदीकाठच्या वाटेनं तिघं निघाली. मुक्तानं पदराआड निरांजन धरलं होतं. चंद्र त्यांच्याबरोबर चालत होता आणि बुडतही होता. तंबूच्या दाराशी पोचली तोवर कोर शेतात गेली आणि आत खेळ सुरू झाला.

कारभाऱ्यानं ताटाकडे बघितलं आणि हात आडवा केला. "बाई, कापडाचा तंबू हाय. इस्तू आत न्हाई."

"बीज हाय आज, कारभारी."

"मला बी बहिनी हायेत बाई. पन इस्तू न्हाई."

मुक्तानं बघितलं, त्याचं चुकत नव्हतं. तिनं फुंकर घातली. निरांजन विझलं, वातीतून धूर निघाला आणि तेवढाच आत गेला.

तंबूत कनातीच्या एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळे मातीवर. मागं पत्र्याची खोली, तिला वर दोन भोकं. एकातून उजेडाचा सोट निघून लोकांच्या डोक्यांवरून पडद्यावर जात होता. दुसरं भोक ऑपरेटरला बघायला, त्याला काच. काचेमागं एक तोंड होतं. आतल्या उजेडानं एका अंगानं पांढरं, दुसऱ्या अंगानं काळं. उजव्या भुवईत व्रण.

मुक्ता दारात थबकली. चंद्रावर गेलेल्या माणसांचे फोटो तिनं पेपरात पाहिले होते, गोल काचेमागची तोंडं. काच फोडली तर माणूस मरतो, म्हणून त्यांना एकमेकांच्या गालाला हात लावता येत नाही.

खोलीला आतून कडी होती. रीळ चालू असेतो कडी काढायची नाही, हा मालकाचा नियम कारभाऱ्यानं दबक्या आवाजात सांगितला. रंभाजीनं इकडेतिकडे बघितलं, सोडावाल्याचं रिकामं खोकं ओढत आणलं आणि पालथं घातलं. "चढ," तो म्हणाला. "मी धरतो."

पडद्यावर पत्र्याचं रॉकेट चंद्राकडे चाललं होतं. चंद्र मोठा होत होता, परातीएवढा, मग चाकाएवढा, मग पडदाभर. सगळा तंबू त्याच्या उजेडानं पांढरा झाला. मुक्ता खोक्यावर चढली. काचेमागचं तोंड आता तिच्या तोंडासमोर होतं. गोरखनं आधी हातानं खूण केली, बाजूला हो म्हणून, ऑपरेटरच्या सवयीनं. मग त्याचा हात तसाच राहिला.

तिनं काचेवर, त्याच्या कपाळाच्या उंचीला, कुंकवाचं बोट टेकवलं. अक्षता काचेवर टाकल्या, त्या खाली ओघळल्या. मग ताट उचललं आणि ओवाळायला लागली. ताट उजेडाच्या सोटातून गेलं की विझलेली वात पांढरी पेटायची. बाहेर आलं की विझायची, पुन्हा आत गेलं की पेटायची.

पडद्यावर, भरल्या चंद्रावर, एक भलंमोठं ताट गोल गोल फिरू लागलं.

शिट्ट्या वाजल्या. "ए, परात काढ!" "कोन हाय रं ती?" "चांदाची भाकरी झाली का बघतीय!" पुरुषांच्या बाजूनं हशा उठला. आक्काबाई कनातीपाशी उभी राहिली आणि तिनं जात्यावर कमावलेला सगळा आवाज लावला.

"गप ऱ्हावा रं! बहीण भावाला ओवाळतीया! तुमच्या घरी आज कुनी न्हाई का?"

तंबू गप्प झाला. मशीनचा खडखड आवाज तेवढा राहिला. मग बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "ओवाळतीय गं, चांदालाच ओवाळतीय," आणि दोन-तीन बायांनी, ज्यांच्या घरी त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, पडद्याकडे बघून हात जोडले. काचेमागं गोरखचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं.

रीळ संपलं. एकच मशीन, म्हणून रीळ बदलायला दिवे लागायचे. कडी निघाली आणि गोरख दारात उभा राहिला, घामानं भिजलेला, कोपरापर्यंत काळा. त्यानं मुक्ताच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"पीठ हाय ते," मुक्ता म्हणाली. "तू का आला न्हाईस दादा?"

"तोंड न्हवतं."

"काचंतनं दावलंस की आत्ता."

त्यानं खाली बघितलं. "मुक्ते, तुला सांगू? ह्या शिनिमात पुढं राजाच्या पोरीची ओढनी उडती. चांदावर. फडफड उडती. मी रोज मशीनमागं म्हनतो, आरं, चांदाला वारा नसतो. रोज म्हनतो. ऐकायला कोन न्हाई."

तेवढ्यात रंभाजी मधे घुसला. "पाव्हणं, ते वाऱ्याचं ऱ्हाऊ द्या. हिकडं बघा." त्यानं टोपी काढली आणि डावा कान पुढं केला. "ही उधारी आधी."

गोरखला समजायला क्षण लागला. मग त्यानं आपला काळा हात धोतराला पुसायचा प्रयत्न केला, तो पुसला जाईना. तसाच हात त्यानं पिठानं माखलेल्या त्या कानाला लावला. आधी हळूच. मग रंभाजी म्हणाला, "ह्याला पिळनं म्हनत्यात का? तुमचा बाप असता तर लाजला असता," तशी त्यानं मास्तरनं पोराचा पिळावा तसा कान पिळला. रंभाजी ओरडला, आक्काबाई हसली, आणि गोरख दाजींच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

"चल घरी," मुक्ता म्हणाली. "खेळ सुटल्यावर."

"दुसरा खेळ सुटला की तंबू सोडायचा. उजाडायच्या आत संगमनेरच्या वाटंला लागायचंय. गाड्या सांगितल्यात." त्यानं खिसे चाचपले. "ओवाळनी घालायला बी काय न्हाई गं माझ्यापाशी."

तो आत गेला आणि मशीनच्या पेटीतून काहीतरी चिमटीत धरून आणलं. बोटाएवढी काळी कांडी, वर तांब्याचा पातळ मुलामा, एका टोकाला जळून खड्डा पडलेली. "ह्या दोन कांड्या समोरासमोर धरल्या की मधी उजेड पडतो," तो म्हणाला. "आत्ता पडद्यावर जो चांद बघितलास, तो ह्याचाच. जळून सरली ही. असाच हाय बघ तो बी. काळा दगड." त्यानं ती कांडी तिच्या ताटात ठेवली.

लोक ओरडायला लागले. "ओ ऑपरेटर, बीज झाली का?" गोरख आत वळला. दारात थांबून म्हणाला, "पुढच्या बीजेला…" कडी लागली. दिवे गेले.

मुक्ता बायांमध्ये जाऊन मातीवर बसली. पडद्यावर चंद्राचा दरबार भरला होता, झुंबरं लटकत होती, मिशावाला राजा हसत होता. राजाची पोरगी आली आणि तिची ओढणी फडफडा उडायला लागली. मुक्तानं मान वळवून काचेकडे बघितलं. कुंकवाचं बोट तिथंच होतं, त्यानं पुसलं नव्हतं. तिनं मोठ्यानं, सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हटलं,

"चांदाला वारा नसतो!"

बाया तिच्याकडे बघायला लागल्या. मशीन खडखडत राहिलं. मग उजेडाच्या सोटात एक हात आला, उघडा, पाचही बोटं पसरलेला. राजाच्या दरबारावरून, झुंबरांवरून, उडत्या ओढणीवरून त्याची काळी सावली एकदा हळूच, पुसल्यासारखी फिरली, आणि गेली.

मुक्तानं ताटातली कांडी उचलून मुठीत धरली. ती अजून गरम होती.